हंगाम हुकलेल्या पोरांची शाळा

सोळा वर्षांच्या पोराला पाचवीच्या बाकावर बसवले तर तो बसेल का? एखादा दिवस बसेल. दुसऱ्या दिवशी बारकी पोरे हसतील, गुडघे बाकाला लागतील, आणि तिसऱ्या दिवशी तो गुरांमागे नाहीतर कुणाच्या तरी रोजंदारीवर दिसेल. आपल्याकडे प्रत्येक गावात अशी चार-दोन पोरे असतातच. "वय निघून गेलं, आता कसली शाळा?" असे म्हणून आपण विषय मिटवून टाकतो.

पण अशी पोरे चार-दोन नसून हजारोंनी असली तर? बंदुकांचे आवाज सुरू झाले म्हणून रातोरात गाव सोडलेली, सरहद्द ओलांडून परक्या मुलखात आलेली, दोन-दोन, चार-चार वर्षे पुस्तकाचे तोंड न पाहिलेली? आणि ज्या गावाशेजारी ती येऊन उतरली, त्या गावची स्वतःची पोरेही तितकीच मागे पडलेली असली तर? पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशापुढे हा प्रश्न गेली अनेक वर्षे उभा आहे. त्यावर तिथे जी वाट धरली गेली, ती आपल्या खेड्यापाड्यांतील वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे.

काल पाहुणे, आज यजमान

युगांडा म्हटले की आपल्या जुन्या मंडळींना इदी अमीन आठवतो. १९७२ साली त्याने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. त्यात गुजराती कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. या अमीनचे घराणे देशाच्या वायव्य कोपऱ्यातील वेस्ट नाईल भागातले. १९७९ साली त्याची सत्ता गेली, तेव्हा सूड उगवला जाईल या भीतीने या भागातील लोकांनीच घरेदारे सोडली. कोणी सुदानात गेले, कोणी त्या वेळच्या झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोमध्ये. कित्येक वर्षे परक्याच्या रानात काढून ते माघारी आले.

पुढे काळाचा फेरा उलटा फिरला. २०११ साली दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी पेटली. जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबात पुन्हा लढाई जुंपली, आणि माणसांचे लोंढे दक्षिणेकडे युगांडाच्या हद्दीत उतरू लागले. ऑगस्ट २०१६ मध्ये वेस्ट नाईलमधील युंबे जिल्ह्यात बिडीबिडी नावाची वसाहत सुरू झाली. काही महिन्यांतच तिथे अडीच लाखांहून अधिक माणसे आली. जगातील सर्वांत मोठ्या निर्वासित वसाहतींत तिची गणना झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बिडीबिडीची जमीन सरकारी गायरान नव्हती. ती तिथल्या समाजाच्या वहिवाटीची जमीन. गावच्या वडीलधाऱ्यांनी ती वसाहतीसाठी दिली. "आम्हीही एकदा असेच पळालो होतो" ही आठवण त्यामागे होती. युगांडाचा २००६ सालचा निर्वासित कायदाही इतर देशांच्या मानाने उदार आहे. निर्वासिताला हिंडण्या-फिरण्याची, काम करण्याची, धंदा करण्याची मुभा आहे. तारेच्या कुंपणात कोंडण्याऐवजी त्याला घरासाठी आणि थोड्या पिकासाठी जमिनीचा तुकडा दिला जातो. वसाहतीप्रमाणे आणि काळाप्रमाणे या तुकड्याचे माप बदलत गेले. ५० मीटर बाय ५० मीटरचा तुकडा म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे २५ गुंठे. ३० मीटर बाय ३० मीटरचा म्हणजे जेमतेम ९ गुंठे. नऊ गुंठ्यांत पाच-सात माणसांचे पोट भरत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून घरातली मोठी पोरे मजुरीला जातात, आणि शाळा मागे पडते.

वर्षे कुठे गेली?

युगांडात प्राथमिक शाळा सात वर्षांची. त्यानंतर परीक्षा. मग चार वर्षे खालचे माध्यमिक, त्याची परीक्षा म्हणजे आपली दहावी समजा. त्यापुढे दोन वर्षे वरचे माध्यमिक. दक्षिण सुदानात मात्र प्राथमिक आठ वर्षांचे. काँगोतून आलेल्या पोराची शाळेची भाषा फ्रेंच, तर युगांडात इंग्रजी. म्हणजे जे पोर तिकडे सातवीपर्यंत शिकले, त्यालाही इकडे कोणत्या वर्गात घ्यायचे हा घोळ. हातात दाखला नाही, भाषा वेगळी, आणि मधली वर्षे वाया गेलेली. बऱ्याचदा नाइलाजाने त्याला खालच्या वर्गात बसवले जाते. एका वर्गात शंभराहून जास्त पोरे, त्यात हा सगळ्यात उंच. तो किती दिवस टिकणार?

त्यावर करोनाचा घाव बसला. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या युगांडातील शाळा पूर्णपणे उघडल्या त्या थेट जानेवारी २०२२ मध्ये. इतका काळ शाळा बंद राहिलेला दुसरा देश जगात नाही. या जवळजवळ दोन वर्षांत निर्वासित काय आणि स्थानिक काय, दोन्हीकडच्या पोरांचा अभ्यास बुडाला. कित्येक पोरींची लग्ने झाली, कित्येकींच्या कडेवर लेकरू आले. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने आई झालेल्या मुलींना पुन्हा शाळेत घेण्याविषयी सुधारित सूचना काढल्या, त्या याच पार्श्वभूमीवर.

गळती सगळ्यात मोठी होते ती प्राथमिक आणि माध्यमिकच्या सांध्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या अलीकडच्या अहवालांप्रमाणे जगभरातील निर्वासित मुलांमध्ये प्राथमिकला पटावर असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६५ टक्के, तर माध्यमिकला ते ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. युगांडातील वसाहतींत तर ते याहून बरेच खाली आहे. माध्यमिक शाळा थोड्या, अंतर लांब, फी परवडत नाही, आणि वय वाढलेले. शेताचे पाणी ज्या ठिकाणी बांध फुटतो तिथूनच वाहून जाते, तसा हा प्रकार.

जलद म्हणजे घाईचे नव्हे

मी कृषी विस्ताराचे काम करतो, म्हणून शेतीचाच दाखला देतो. मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस नाही, पुनर्वसूही निम्मे संपले, तर आपण काय करतो? शेत पडीक ठेवत नाही. आणि मूग-उडदाची वेळ टळून गेल्यावर तेच बी मातीत टाकण्याचा हट्टही धरत नाही. आपत्कालीन पीक नियोजन करतो. बाजरी, सूर्यफूल, एरंडी, कमी दिवसांत येणारे तुरीचे वाण, अशी निवड करतो. हंगाम हुकला तरी उरलेल्या दिवसांत पदरात काय पडेल ते बघतो.

जलद शिक्षण म्हणजे नेमके हेच. युगांडात प्राथमिकची सात वर्षे तीन वर्षांत बसवली आहेत. पहिल्या टप्प्यात पहिली ते तिसरी, दुसऱ्यात चौथी-पाचवी, तिसऱ्यात सहावी-सातवी. साधारण १० ते १८ वयाची, शाळा सुटलेली किंवा शाळेत कधीच न गेलेली मुले यात घेतली जातात. शेवटी परीक्षा मात्र तीच, जी नेहमीच्या शाळेतील मुले देतात. ही कल्पना एकट्या युगांडाची नाही. दक्षिण सुदानात आठ वर्षांचे प्राथमिक चार वर्षांत, यादवीनंतरच्या लायबेरियात सहा वर्षांचे तीन वर्षांत, असे वर्ग याआधी चाललेले आहेत.

वाचक विचारतील, सात वर्षांचे तीन वर्षांत कसे काय मावते? त्याचे उत्तर सोपे आहे. नेहमीच्या अभ्यासक्रमात तोच भाग वरच्या वर्गात पुन्हा पुन्हा, थोडा थोडा वाढवून येतो, कारण शिकणारे पोर लहान असते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला ती पुनरावृत्ती लागत नाही. बाजारात शेंगा विकणाऱ्या पोरीला बेरीज-वजाबाकी तोंडपाठ असते. तिला फक्त ती कागदावर मांडायला शिकवायची. म्हणून पुनरावृत्ती काढायची, गाभा ठेवायचा, आणि वाचन, लेखन, गणित यांवर भर द्यायचा. वेळापत्रकही लवचिक असते. सकाळी घरचे काम, पाणी, शेत उरकून मग वर्ग. तान्हे लेकरू असलेल्या मुलीला ते सोबत आणण्याची मुभा, आणि जिथे सोय आहे तिथे ते सांभाळायला एखादी बाई.

पण इथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. कमी दिवसांचे वाण म्हणजे कमी मेहनतीचे पीक नव्हे. उशिरा गहू पेरला तर बियाणे थोडे जास्त लागते, ओळीतले अंतर कमी ठेवावे लागते, आणि एकही पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. जलद वर्गाचेही तसेच. चांगला शिक्षक इथे जास्त लागतो. त्याला वेळेवर पगार, वेगळे प्रशिक्षण आणि खास तयार केलेली पुस्तके लागतात. नेहमीचेच पुस्तक दुप्पट वेगाने वाचून दाखवले, तर ते जलद शिक्षण होत नाही, ती नुसती धावपळ होते. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांच्या गटाने २०१७ साली यासाठी दहा तत्त्वे ठरवून प्रसिद्ध केली. त्यांचा मथितार्थ हाच की, वर्ग वयाला साजेसा असावा, अभ्यासक्रम खरोखर आटोपशीर केलेला असावा, शिक्षकाला पगार आणि आधार असावा, गावाचा त्यात सहभाग असावा, आणि शेवटी हाती पडणारा दाखला देशात सगळीकडे चालणारा असावा.

खरा चढ माध्यमिकचा

प्राथमिकचे गणित त्या मानाने बसले. अवघड चढ पुढे आहे. तीन टप्पे पार करून, परीक्षा देऊन बाहेर पडलेले पोर तोवर सतरा-अठरा वर्षांचे झालेले असते. त्याच्यापुढे पुन्हा चार वर्षांचे माध्यमिक. म्हणजे दहावीच्या बरोबरीला पोचेपर्यंत बाविशी गाठायची! एवढा धीर कुणाला? घरी तोंडे खाणारी असतात, लग्नाचे वय झालेले असते. म्हणून जलद पद्धत माध्यमिकपर्यंत न्यावी, ही मागणी निर्वासित आणि स्थानिक अशा दोन्हींसाठी पुढे आली.

पण माध्यमिक आटोपशीर करणे प्राथमिकइतके सोपे नाही. पहिले कारण, विषय वाढतात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांना वेगवेगळे शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागते. झाडाखाली वाचन शिकवता येते, रसायनाचा प्रयोग करता येत नाही. दुसरे कारण परीक्षेचे. युगांडाने २०२० पासून खालच्या माध्यमिकला नवा अभ्यासक्रम आणला. त्यात अखेरच्या परीक्षेला ८० टक्के आणि शाळेत वर्षभर केलेल्या कामाला व उपक्रमांना २० टक्के वजन आहे. पद्धत चांगली आहे, घोकंपट्टीला आळा घालणारी. पण त्यामुळे पोराला नुसते शेवटी परीक्षेला बसवून भागत नाही. त्याच्या शाळेतील कामाची नोंदही व्हावी लागते. म्हणजे जलद वर्ग मान्यताप्राप्त शाळेशी बांधलेला हवा. तिसरे कारण शिक्षकांचे. दक्षिण सुदानातून आलेल्या कित्येक शिक्षकांची प्रमाणपत्रे इकडे तशीच ग्राह्य धरली जात नाहीत. त्यांच्यातले काहीजण वर्गात मदतनीस म्हणून काम करतात, मुलांच्या भाषेत समजावून सांगतात. अनुभवी माणूस दाराशी उभा आहे आणि कागदापायी त्याचा पुरता उपयोग होत नाही, ही तिथली मोठी अडचण.

एक जमेची बाजूही आहे. या नव्या अभ्यासक्रमात शेती हा ऐच्छिक विषय आहे, आणि उद्योजकतेलाही जागा आहे. वेस्ट नाईलची शेती ज्वारी, तीळ, भुईमूग, कसावा यांची, म्हणजे बरीचशी आपल्या ओळखीची. ज्या पोराच्या घराभोवती नऊ गुंठे आहेत त्याला परसबाग, बियाण्याची निवड, साठवणीतली कीड हे शाळेत शिकायला मिळाले, तर त्या शिक्षणाची फळे दाखल्याआधीच घरी दिसतात. घरच्यांचाही मग शाळेवर विश्वास बसतो.

एकाच बाकावर

लाखो माणसे एका जिल्ह्यात उतरली की जळण, पाणी, गवत यांवर ताण येणारच. वेस्ट नाईलमध्ये झाडे तुटली, छपराच्या गवतावरून आणि सरपणावरून कुरबुरी झाल्या. अशा वेळी निर्वासितांच्या पोरांना नवी शाळा, मोफत पुस्तके, आणि शेजारच्या गावातील पोर मात्र फुटक्या शाळेत, असे झाले असते तर? भाकरी दिली कुणी आणि तूप पडले कुणाच्या पानात, अशी भावना झाली असती. आणि ती गैरही म्हणता आली नसती.

म्हणूनच युगांडात निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतून साधारण ३० टक्के वाटा आसपासच्या स्थानिक लोकांसाठी, असे सूत्र धरले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या शिक्षण आराखड्याच्या नावातच निर्वासित आणि यजमान समाज असे दोन्ही शब्द आहेत. जलद वर्गातही दोन्हीकडची पोरे एकत्र बसतात. आरिंगा बोलणारे पोर आणि बारी बोलणारे पोर एकाच फळ्यावर इंग्रजी शिकते. एकाच्या बापाने जमीन दिली, दुसऱ्याच्या बापाने घेतली. पण दोघांचीही वर्षे वाया गेली, आणि दोघांनाही तीच परीक्षा द्यायची आहे. मोठ्यांच्या बैठकीत जे सहज जमत नाही, ते वर्गात थोडेफार जमते.

झरा आटला तर

हे सारे चालते ते बरेचसे बाहेरच्या पैशावर. आणि तो झरा आटत चालला आहे. २०२३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने युगांडातील निर्वासितांची गटवारी करून बहुतेकांचे रेशन कमी केले. २०२५ मध्ये सुमारे दहा लाख लोकांचे रेशन थांबवावे लागले. रेशन गेले की पहिला बळी कोणाचा? शाळेत जाणाऱ्या मोठ्या पोराचा. घर आधी हातांकडे बघते, पुस्तकाकडे नंतर. त्यातही पोरीचे नाव आधी कटते.

शाळेचा खर्च म्हणजे धर्मादाय, हात आखडला की आधी तोच तोडावा, अशी समजूत मोठमोठ्या देशांतही आहे. पण तीन वर्षांच्या वर्गाला दुसऱ्या वर्षी कुलूप लावले, तर ते ओंबी भरताना पाणी तोडण्यासारखे आहे. बियाणे गेले, खत गेले, मेहनत गेली, आणि पोराचा शाळेवरचा विश्वास दुसऱ्यांदा मोडला.

आपल्या गावात काय?

हे सगळे दूर आफ्रिकेत, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण परमुलखातून आलेल्यांना जागा देण्याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी भागात बंगाली निर्वासितांची गावे उभी राहिली. आणि हंगाम हुकलेल्या पोरांसाठी तर सरहद्दीपलीकडे बघायलाच नको. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास गेलेली बिऱ्हाडे चैत्र-वैशाखात परततात. तोवर पोरांचे अर्धे वर्ष गेलेले असते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, पण सगळीच पोरे मागे राहत नाहीत.

२०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यात कलम ४ आहे. शाळाबाह्य मुलाला वयानुसार वर्गात घ्यावे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास प्रशिक्षण द्यावे, असे ते सांगते. तत्त्व तेच, पण या कायद्याने मिळणारा प्रवेशाचा हक्क चौदा वर्षांपर्यंतच्याच मुलांसाठी आहे. म्हणजे युगांडात ज्या सांध्यावर बांध फुटतो, नेमका तिथेच आपलाही फुटतो.

चौदा वर्षांपुढच्यांसाठी वाटा आहेत, त्या माहीत करून घ्याव्यात. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला १४ वर्षे पूर्ण झालेल्यास प्रवेश मिळतो. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, वर्षातून दोनदा परीक्षा असते, आणि उत्तीर्ण झालेला विषय जमेस धरून उरलेले पाच वर्षांच्या मुदतीत पूर्ण करता येतात. मराठी माध्यमही आहे. दाखला सरकारी नोकरीला आणि पुढच्या शिक्षणाला चालतो.

मात्र युगांडाचा अनुभव एक गोष्ट बजावून सांगतो. फॉर्म भरून दिला म्हणजे शिक्षण झाले नाही. परीक्षेची वाट मोकळी आहे, पण त्या वाटेवर चालवणारा वर्ग कुठे आहे? तिथे अडीच लाखांच्या वसाहतीत झाडाखाली का होईना, वर्ग भरवला गेला. आपल्याकडे शाळेची पक्की इमारत संध्याकाळी पाचनंतर रिकामी असते, आणि नववी नापास झालेली पोरे पाराजवळच्या टपरीवर बसलेली असतात.

म्हणून एवढे तरी करण्यासारखे आहे. ग्रामसभेपुढे १४ ते २० वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलामुलींची यादी ठेवावी. सासरी गेलेल्या, माहेरी परतलेल्या पोरींची नावे त्यातून गळू देऊ नयेत. परगावाहून मजुरीला आलेली, वीटभट्टीवर राहणारी पोरे आपल्या गावची नाहीत म्हणून वगळू नयेत. शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी उघडाव्यात. निवृत्त गुरुजी, डी.एड. होऊन घरी बसलेले तरुण गावात असतात; त्यांना मानधन द्यावे, फुकटात राबवू नये. सुगीच्या आणि तोडणीच्या दिवसांत वर्गाची वेळ बदलावी, वर्ग बंद करू नये. आणि यादीतल्या प्रत्येकाचा फॉर्म वेळेत भरला गेला का, हे शाळा व्यवस्थापन समितीने बघावे.

वेस्ट नाईलच्या शेतकऱ्याकडे आपल्यापेक्षा कमी आहे. त्याने तरीही जमीन दिली, आणि त्याचे पोर पाहुण्याच्या पोराशेजारी बसले. आपल्याला जमीन द्यायची नाही, फक्त शाळेची किल्ली द्यायची आहे. ती कुणाकडे असते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.